पूर्वेतिहासाचा रकाना

14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर आसपासच्या गावांतून मोर्चे आले. मुंबईत 'चले जाव'चा ठराव होऊन तेव्हा जेमतेम सहा दिवस झाले होते. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण जागीच किंवा नंतर मरण पावले. कोणी सातपाटीचा होता, कोणी मुरब्याचा, कोणी पालघरचा. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे त्यांच्यातच होते. सालवड म्हणजे आज बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून असलेलं गाव. दर 14 ऑगस्टला पालघरात या पाच हुतात्म्यांना अभिवादन केलं जातं.

मेलेल्यांची नावं स्तंभावर गेली. जे वाचले आणि पकडले गेले त्यांची नावं पोलीस ठाण्याच्या दप्तरात गेली. इंग्रजांच्या राज्यात त्या नोंदीचा अर्थ सरळ होता: हा माणूस सरकारी नोकरीत घेण्याजोगा नाही. पुढे 1972 साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. अर्जदाराने किमान 6 महिने तुरुंगवास भोगलेला असावा, अशी अट होती; स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत ती पुढे 3 महिन्यांवर आली. पुराव्यादाखल तुरुंगाचा दाखला किंवा कोर्टाचं कागदपत्र मागत. भूमिगत राहिलेल्याने आपल्या नावाचं पकड वॉरंट किंवा आपल्यावर लागलेल्या बक्षिसाची नोटीस दाखवायची. एकेकाळी लपवावी लागणारी नोंद मिळवण्यासाठी आता म्हाताऱ्या माणसांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. नोंद तीच राहिली, वाचणारं सरकार तेवढं बदललं.

माणसाच्या मागच्या आयुष्यावरून त्याच्यावर किती भरवसा टाकायचा, हा प्रश्न कुठल्याही सरकारला पडतो. पालघर-बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त टोकदार झाला. एकीकडे चळवळींचा हा मुलूख, आणि दुसरीकडे त्याच किनाऱ्यावर देशातलं पहिलं अणुवीज केंद्र.

'चले जाव'नंतर तीनच वर्षांनी पालघरच्या उत्तरेला, डहाणू-तलासरी-उंबरगावच्या जंगलपट्टीत, वारली उठले. वेठबिगारीला आणि लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या 'लग्नगड्या'च्या प्रथेला नकार द्यायचा, असं 23 मे 1945 रोजी झरी गावच्या परिषदेत ठरलं. किसान सभेतर्फे गोदावरी आणि शामराव परुळेकर हे दांपत्य तिथे काम करत होतं. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. जेठ्या गांगड हे त्यांतलं एक नाव. पुढच्या वर्षी आंदोलन पुन्हा पेटलं, तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं होतं आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. चार वर्षांपूर्वी स्वतः तुरुंगात असलेल्यांच्या सरकारने परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. हेच शामराव 1957 साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले.

स्वतंत्र भारताच्या सरकारलाही आपल्या नोकरांच्या पूर्वायुष्याची काळजी लागली होती. 1949 साली राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने केंद्रीय सेवांसाठी आणि रेल्वेसाठी वेगवेगळे नियम झाले. विध्वंसक कारवायांत गुंतलेला, किंवा तशा कारवाया करणाऱ्यांशी संबंध असल्याचा वाजवी संशय असलेला नोकर या नियमांखाली घरी पाठवता येत असे. बंगाल-नागपूर रेल्वेतल्या काही कामगारांवर ते लागू झाले. कम्युनिस्टांच्या प्रभावाखालच्या युनियनमध्ये असणं हे त्यांच्यावरचं किटाळ. नागपूरच्या उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, तुमचं संघटना-स्वातंत्र्य कोणी हिरावलेलं नाही, तुम्ही खुशाल कम्युनिस्ट राहा. मात्र सरकारी नोकरीत राहण्याचा हक्क घटनेने दिलेला नाही. 1958 च्या निवाडा-संग्रहात छापलेलं हे 'बालकोटय्या' प्रकरण पुढे अनेक वर्षं सरकारी वकिलांच्या हाताशी असे.

अणुवीज केंद्रासाठी तारापूरची निवड झाली ती याच काळात. मुंबई आणि गुजरात या दोन्हीकडे वीज नेता येईल, समुद्राचं पाणी मिळेल आणि कोळशाच्या खाणींपासून जागा लांब आहे, असा होमी भाभांचा हिशेब होता. 8 ऑगस्ट 1963 रोजी भारत-अमेरिका करार झाला. जनरल इलेक्ट्रिकला कंत्राट मिळालं, बांधकाम बेक्टेलकडे गेलं आणि 1964 च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस देशभर मार्क्सवादी कम्युनिस्टांची धरपकड झाली. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असतानाच शामराव परुळेकर 3 ऑगस्ट 1965 रोजी वारले. तिकडे तारापूरला पहिल्या अणुभट्टीचं काम जोरात होतं.

1 फेब्रुवारी 1969 रोजी ती भट्टी पहिल्यांदा पेटली आणि 28 ऑक्टोबरला दोन्ही युनिटांची वीज व्यापारी तत्त्वावर वाहू लागली. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभं राहिलं तेही याच वर्षी, 10 मार्चला. आज केंद्राच्या फाटकावर याच दलाचे जवान असतात. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारला दोन अधिकार दिले होते: माहिती गुप्त ठरवण्याचा आणि जागा प्रतिबंधित ठरवण्याचा. आत पाऊल टाकायचं तर बाहेरचं आयुष्य आधी तपासलं जाणार, हे त्यातून ओघानेच आलं.

अमेरिकनांना तर हे नवीन नव्हतंच. 1946 च्या त्यांच्या अणुऊर्जा कायद्यात माणसाचं चारित्र्य, संबंध आणि निष्ठा तपासावी असं लिहिलेलंच होतं. त्याचा सगळ्यांत गाजलेला बळी म्हणजे ज्याने अणुबॉम्ब करवून घेतला तो रॉबर्ट ओपेनहायमर. 1954 च्या एप्रिल-मेमध्ये त्याची चौकशी झाली. 1930 च्या दशकातले डावे मित्र, पत्नीचं आणि भावाचं पक्षसदस्यत्व, कोणाला कधी किती पैसे दिले, सगळं उकरलं गेलं. त्याची देशनिष्ठा चौकशी मंडळाने नाकारली नाही. पण एका मित्राबद्दल सुरक्षा अधिकाऱ्यांना त्याने 1943 साली थाप मारली होती, ती त्याने स्वतःच कबूल केली, आणि तीच त्याच्या मुळावर आली. मंडळाने 2 विरुद्ध 1 आणि अणुऊर्जा आयोगाने 4 विरुद्ध 1 मतांनी त्याला नाकारलं. त्याचा सुरक्षा परवाना दुसऱ्याच दिवशी आपोआप संपणार होता, तरी निकाल 29 जूनला देण्यात आला. तो निर्णय अमेरिकी सरकारने रद्द केला 16 डिसेंबर 2022 रोजी, ओपेनहायमर जाऊन 55 वर्षं झाल्यावर.

आपल्याकडे असा जाहीर तमाशा झाला नाही. दामोदर कोसंबींची गोष्ट मात्र आठवल्याशिवाय राहत नाही. गोव्यात जन्मलेले, मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून ठाऊक असलेले कोसंबी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. मार्क्सवादी होते, जागतिक शांतता परिषदेत होते, आणि भारताने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा मार्ग धरावा असं उघड बोलत. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यामागे गणितातले वाद, पुण्याहून रोजचं येणं-जाणं, भाभांशी बेबनाव अशी बरीच कारणं सांगितली जातात. विचारांचा वाटा त्यात किती, याचा निवाडा देणारी कुठलीही सुनावणी झाली नाही. भारतीय पद्धतीचं हेच वैशिष्ट्य: नकार येतो, खुलासा येतोच असं नाही.

सर्वसामान्य माणसाला ही पद्धत भेटते ती साक्षांकन नमुन्याच्या रूपात. बोलीत 'अटेस्टेशन फॉर्म'. नाव, वडिलांचं नाव, पूर्वीचं काही नाव असल्यास तेही. आईवडील, भावंडं, जोडीदार यांचं राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थान. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षभराहून अधिक राहिलात ते सगळे पत्ते. शाळा, कॉलेज, आधीच्या नोकऱ्या आणि त्या सोडल्याची कारणं. त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती: कधी अटक झाली होती का? खटला चालला का? स्थानबद्ध केलं होतं का? चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घेतला होता का? दंड झाला का? शिक्षा झाली का? कुठल्या विद्यापीठाने परीक्षेला बसायची बंदी केली होती का? फॉर्म भरताना एखादा खटला चालू आहे का? शेवटी ओळख देणाऱ्या दोन जबाबदार माणसांची नावं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, ताकीद: खोटी माहिती देणं किंवा खरी दडवणं ही अपात्रता समजली जाईल. अणुऊर्जा खात्यासारख्या ठिकाणी याला एक विशेष सुरक्षा प्रश्नावलीही जोडलेली असते.

हा कागद मग जिल्ह्याला येतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. तोवर इथल्या फायली ठाण्याला जात. अधीक्षक कार्यालयाची विशेष शाखा हा कागद त्या त्या पोलीस ठाण्याकडे धाडते, बोईसर किंवा तारापूरकडे. ठाण्यातला हवालदार गुन्ह्यांची रजिस्टरं चाळतो, पोलीस पाटलाला विचारतो, शेजारच्या दोन घरी डोकावतो. काही वावगं निघालं नाही तर एका ओळीचा अहवाल जातो: विरुद्ध काही आढळलं नाही. ही एक ओळ यायला कधी आठवडे लागतात, कधी महिने.

या फॉर्ममधला 'कायमचा पत्ता' हा साधा रकानाही या भागात साधा राहिलेला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. प्रत्येकी 540 मेगावॅटच्या या भट्ट्यांपैकी चौथी 2005 च्या सप्टेंबरात आणि तिसरी 2006 च्या ऑगस्टमध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे वसवलं गेलं. पुनर्वसनाचं भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ज्याचा जन्म त्या गावात झाला त्याला आजोबांच्या अंगणाच्या दिशेने जायचं असेल, तर आता पास लागतो. जव्हार-विक्रमगडकडचा आदिवासी मजूर पावसाळा संपला की वीटभट्टीवर नाहीतर रेतीच्या कामाला बाहेर पडतो. त्याचे पाच वर्षांतले पत्ते मांडायचे तर कागद पुरणार नाही, आणि भट्टीवरचा शेजारी शोधायला हवालदार कुठे जाणार?

राजकीय पूर्वायुष्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाची भाषा बदलली ती 1983 साली. मध्य प्रदेशातल्या नगरपालिकेच्या शाळेतला एक शिक्षक. शाळा सरकारने ताब्यात घेतली, तो सरकारी नोकर झाला आणि पोलिसांचा अहवाल आला की हा पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघाच्या कामात होता. त्याला काढून टाकलं. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी सरकारचं अपील फेटाळताना चांगलीच कानउघाडणी केली. नोकरीत येण्यापूर्वी माणसाने कायदेशीर राजकारण केलं म्हणून त्याला हाकलणं हे घटनेत बसत नाही आणि असल्या पोलिसी अहवालांवर भरवसा ठेवणं लोकशाहीला शोभत नाही, असा त्यांचा रोख होता. अमेरिकेतल्या मॅकार्थी पर्वाची आठवणही त्यांनी करून दिली. बालकोटय्या प्रकरणात कम्युनिस्टांना न मिळालेला न्याय पाव शतकाने दुसऱ्या टोकाच्या विचाराच्या माणसाच्या निमित्ताने मिळाला. सरकारी नोकराने नोकरीत असताना संघाच्या कार्यक्रमांत भाग घेऊ नये, हा 1966 चा आदेश त्यानंतरही चाळीस वर्षं टिकला; त्यातला संघाचा उल्लेख केंद्राने वगळला जुलै 2024 मध्ये.

राहिला फौजदारी गुन्ह्याचा प्रश्न. 2011 मध्ये दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या एका तरुणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. विशीत असताना भांडणाचा एक गुन्हा त्याच्यावर दाखल झाला होता, तडजोडीने तो मिटला होता, आणि अर्जात त्याने तो लिहिला नव्हता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मधल्या जाँ वालजाँचा दाखला दिला. एका पावाच्या चोरीमुळे जन्मभर चोर ठरलेला तो माणूस! तरुणपणी माणसं चुकतात, असं म्हणून त्यांनी त्या पोराला आत घेतलं. पण दुसऱ्या काही खंडपीठांनी याच्या नेमकं उलट म्हटलं होतं: लपवलंस ना, मग गुन्हा केवढा होता हे विचारायचं कारण नाही.

हा घोळ निस्तरला तो 21 जुलै 2016 रोजी 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या निकालाने. रंजन गोगोई, अरुण मिश्रा आणि प्रफुल्लचंद्र पंत या तीन न्यायमूर्तींनी काही सूत्रं घालून दिली. दिलेली माहिती खरी हवी. दडवलेली बाब किरकोळ असेल तर नेमणूक करणारा अधिकारी तिकडे काणाडोळा करू शकतो. उदाहरण म्हणून त्यांनी कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांचं नाव घेतलं. गंभीर गुन्हा असेल, किंवा बरेच खटले चालू असताना ते लपवले असतील, तर नेमणूक रद्द होऊ शकते. सगळं खरं सांगूनही पूर्वायुष्य पाहून नाकारण्याची मुभा सरकारला आहे. मात्र फॉर्ममध्ये जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून कोणाला दोषी धरता येणार नाही.

घोषणांचं ते उदाहरण चिंचणी-वरोर-डहाणूच्या किनाऱ्यावर चटकन कळतं. वाढवण बंदराविरुद्ध मच्छीमार आणि बागायतदार कित्येक वर्षं रस्त्यावर उतरत आले. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरात पंतप्रधानांच्या हस्ते त्या बंदराची पायाभरणी झाली. मोर्च्यात धरल्या जाणाऱ्या पोराच्या नावावर जमावबंदी मोडल्याचं किंवा बेकायदा जमाव जमवल्याचं कलम लागतं. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात, आणि 'खटला मागे घेतला, विषय संपला' अशी समजूत होते. फॉर्म मात्र 'कधी खटला झाला होता का' असं विचारतो. मागे घेतलेला खटलाही तिथे लिहावाच लागतो. लिहिला तर बहुतेक वेळा निभावून जातं. दडवला तर तो खोटेपणा ठरतो.

अल्पवयीन मुलांना कायद्याने जास्त सांभाळून घेतलं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 24 व्या कलमानुसार मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याला पुढे अपात्र ठरवत नाही. निर्घृण गुन्हा केलेल्या सोळा वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांप्रमाणे दोषी ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. तारापूरच्या फाटकावर उभ्या राहणाऱ्या औद्योगिक सुरक्षा दलातच याची परीक्षा झाली. उपनिरीक्षक म्हणून निवड झालेल्या एकाने लहानपणीचा गुन्हा आणि त्यातून झालेली निर्दोष सुटका आपणहून लिहिली होती, तरी दलाने त्याला नाकारलं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

अमेरिकेत आज सुरक्षा परवान्याची पात्रता ठरवण्याच्या 13 कसोट्या छापील मिळतात: परदेशी लागेबांधे, कर्जबाजारीपण, दारू, अमली पदार्थ, गुन्हा, आणि प्रत्येकीखाली कोणत्या गोष्टी माफ होऊ शकतात तेही. घटना किती जुनी, तेव्हा वय काय होतं, नंतर वागणूक कशी राहिली, हे तिथला अधिकारी पाहतो. आपल्याकडे या कसोट्या एकेका उमेदवाराने कोर्टात जाऊन, वर्षं घालवून मिळवल्या. त्यांचा फायदा ज्याच्या हाती नेमणूकपत्र आहे त्याला मिळतो, कारण रद्द झालेल्या हुकुमाविरुद्ध दाद मागता येते.

तारापूरला रोज आत जाणाऱ्यांतले पुष्कळ जण मात्र ठेकेदाराचे. फिटर, वेल्डर, रंगारी, साफसफाईवाले. पहिली दोन युनिटं 2020 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाली तेव्हा अशाच हातांची गरज लागली. त्यांना लागतं ते पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज आता ऑनलाइन होतो, पण चौकशी अजून ठाण्यातूनच होते. उत्तर प्रदेश-बिहारहून बोईसरच्या चाळीत आलेल्या कामगाराची फाईल त्याच्या गावच्या ठाण्यात जाते आणि तिथे पडून राहते. अशा माणसाच्या हातात केंद्राचं नेमणूकपत्र नसतं, म्हणून रद्द करण्याजोगा हुकूमही नसतो आणि कारण लेखी मागायला जागा नसते. गेटपास झाला नाही एवढंच त्याला सुपरवायझरकडून कळतं, आणि ठेकेदार यादीत त्याच्या जागी दुसरं नाव लिहून पाठवतो.